समोरून आलेली चाकोरी

१

सोमवार, बुधवार, शुक्रवार. पावणेसातला मी गाडी गरम करायला लावतो, हाल्डिस थर्मासमध्ये कॉफी भरते, पावावर तपकिरी चीज लावते आणि सव्वासातला आम्ही निघतो. डोंगरापलीकडं, खाडीकाठच्या इस्पितळात तिचं रक्त मशिनीतून धुवून काढतात. चार तास लागतात. तिची मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वी गेली. एक वार चुकला तर पाय सुजतात, दोन चुकले तर छातीत पाणी भरतं. तीन चुकले तर काय, ते डॉक्टरनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मधे स्कारवेचं पठार आहे, बेचाळीस किलोमीटर. दुसरा रस्ता नाही.

मी तोर्गेर, टायरवाला. शाळा सातवीपर्यंत, तीही रडतखडत. त्यानंतर साठ वर्षं पठाराच्या फाटकाखालच्या वर्कशॉपात लोकांची चाकं बदलतोय. ऑक्टोबरात उन्हाळी टायर काढून खिळ्यांचे चढवायचे, ईस्टर उलटला की खिळ्यांचे काढून उन्हाळी. काढलेली चाकं माझ्याच मांडणीवर राहतात, प्रत्येकाला दोऱ्यानं पुठ्ठ्याचं कार्ड: मालक कोण, बाजू कुठली, नक्षीची खोली किती. हे मी त्याच कार्डांच्या कोऱ्या बाजूवर लिहितोय. गाडीच्या कप्प्यात दुसरा कागद नव्हता.

गावातले लोक म्हणतात मी तुसडा आहे. आहेच. रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांच्या नक्षीत मी माझी मोजपट्टी घालून बघतो, आणि तीन मिलिमीटरच्या खाली भरली तर त्या माणसाला त्याच्या बायकोपोरांसमोर गाढव म्हणतो. साठ वर्षांत माझ्या हातची एकही गाडी पठारावरून घसरून खाली गेली नाही. गोड बोलून हे झालेलं नाही.

२

वारा सुटला की पठारावर गाड्या सुट्या सोडत नाहीत. फाटक पडतं. मग सगळे ओळीत उभे राहतात, पुढं युरुनचा बर्फ सारणारा ट्रक, म्हणजे नांगर, लागतो आणि त्याच्यामागून ताफा निघतो. नियम शेंबड्या पोरालाही पाठ असतात. पुढच्याचे लाल दिवे नजरेआड होऊ द्यायचे नाहीत. वळायचं नाही. गाडीतून उतरायचं नाही. चारी दिवे लुकलुकते ठेवायचे. ताफा एका वेळी एकाच दिशेनं जातो. आम्ही पलीकडं उतरल्याशिवाय तिकडचं फाटक उघडत नाही. नांगरलेली पट्टी एका ट्रकाएवढी, दोन्ही अंगांना डोक्याच्या वर बर्फाच्या भिंती. समोरून कोणी येत नाही. येणार तरी कुठून?

हाल्डिस आजारी म्हणून आम्हाला नांगराच्या लगेच मागं जागा. फाटकावरचा एल्लिंग दर खेपेला तेच म्हणतो, "आले, राजेसाहेब आले. हटा रे पुढून." मी त्याला दर खेपेला तेच उत्तर देतो, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

फेब्रुवारीतला तो सोमवार. सकाळचे साडेआठ, उजाडलेलं, पण उजेड असून नसल्यासारखा. वर पांढरं, खाली पांढरं, मधे रस्त्याकडेच्या काठ्या. पठाराच्या मधल्या दगडी झोपडीपाशी युरुन थांबली. पुढं बर्फाचा ढीग साचला असेल, तो ती नांगर मागंपुढं घेऊन फोडत होती. माझ्या वायपरला बर्फाचा गोळा धरला होता. दार किलकिलं करून मी हात बाहेर काढला आणि सवयीनं खाली बघितलं. माझी नजर कायम जमिनीवर असते. हाल्डिस म्हणते, लग्नातसुद्धा तू माझ्या बुटांकडंच बघत होतास.

खाली युरुनच्या ट्रकाच्या साखळ्यांचा माग होता, रुंद, ताजा. आणि त्या मागाच्या वर, त्याला चिरडून, एका मोटारीची चाकोरी उमटलेली होती.

वर म्हणजे नंतर. युरुन पुढं गेल्यावर आणि आम्ही पोहोचण्याआधी तिथून कोणीतरी गेलं होतं. आमच्यात आणि नांगरात वीस पावलांचं अंतर, आणि ते अंतर मी फाटकापासून नजरेनं धरून ठेवलेलं.

बरं, एवढंच नव्हतं. हिवाळी टायरची नक्षी पाखराच्या पावलासारखी उमटते. बोटं जिकडं, पाखरू तिकडं. इथं बोटं माझ्याकडं होती. गाडी समोरून आली होती.

३

त्या दिवशी मी स्वतःची समजूत घातली. टायरला दिशा असते, कडेला बाण असतो. घरच्या घरी चाकं बदलणारे शहाणे बाण न बघता चढवतात आणि मग गाडी पुढं जाते, माग उलटा उमटतो. अशी शंभर गाढवं मी पाहिलीत. तेव्हा असला कोणीतरी गाढव युरुनच्या मागून आणि आमच्या पुढून गेला.

कुठून गेला, ते मात्र जुळेना.

परत आल्यावर एल्लिंगला विचारलं, सकाळी माझ्या आधी कोणाला सोडलं होतंस का. तो म्हणाला, राजेसाहेबांच्या आधी सोडायची माझी काय बिशाद. युरुनला विचारलं. ती ट्रकाच्या पायरीवर बसून सॉसेज खात होती. पोरगी चांगली आहे, तिशीची, कमी बोलणारी. आरशात तुझेच दिवे होते म्हणाली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग चावायची थांबली आणि म्हणाली, "झोपडीपाशी एकदा चार दिसले. दोन तुझे आणि दोन पाठमोरे, लाल. काच धुरकट होती." आणि परत खायला लागली.

मंगळवारी मी सोळा चाकं उतरवली नि चढवली, आणि प्रत्येकाचा बाण दोनदा बघितला.

४

बुधवारी परत ताफा. परत झोपडीपाशी युरुनचे लाल दिवे उजळले. हाल्डिस शेजारी हातमोजा विणत होती. मी दार उघडून सरळ खाली उतरलो.

"अरे, उतरायचं नसतं ना? सगळ्या जगाला तूच शिकवतोस," ती म्हणाली.

मी बॉनेटसमोर जाऊन गुडघ्यावर बसलो. वारा असा की कानात शिट्ट्या. मागच्या गाड्यांचे दिवे धुक्यात लुकलुकत होते, कोणीतरी हॉर्न मारला. चाकोरी होती. साखळ्यांच्या मागावर, बोटं माझ्याकडं. तोंडावर उडणारा बर्फ अजून तिच्या खाचांत भरायचा होता, इतकी ताजी.

माझ्या गाडीच्या डाव्या मागच्या टायरला एक खोड आहे. नोव्हेंबरात त्यात लोखंडाचा तुकडा घुसला होता. तो उपसताना माझ्याच हातून रबराच्या एका ठोकळ्याचा कोपरा उडाला, अंगठ्याच्या नखाएवढा. गिऱ्हाइकाचा असता तर नवा टायर दिला असता. स्वतःचा म्हणून तसाच ठेवला.

उजव्या हाताच्या चाकोरीत तो उडालेला कोपरा होता. दर दोन मीटरवर, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. मी सहा मोजले.

खिशातली मोजपट्टी काढून मी दोन्हीकडची खोली बघितली. का बघितली विचारू नका. पाय मोडलेला डॉक्टर आधी स्वतःची नाडी बघतो, तसंच हे. डावीकडं एकवीस मिलिमीटर. उजवीकडं सोळा. परत बघितलं, तेवढीच.

रिकामी सीट आणि भरलेली सीट यांतला फरक स्प्रिंगला कळतो, बर्फाला कळतो आणि मलाही कळतो. उजवीकडची चाकोरी उथळ होती. आमच्याकडं स्टीअरिंग डावीकडं असतं, आणि उजवीकडं हाल्डिस बसते.

मी गाडीत येऊन बसलो. ती म्हणाली, "काय हरवलं?"

"काही नाही," मी म्हणलं.

५

गुरुवार मी कसा काढला ते मलाच माहीत. सकाळी उठल्या उठल्या तिला वजनकाट्यावर उभं केलं. सत्तेचाळीस. दुपारी परत. ती म्हणाली, मी काय बटाट्याचं पोतं आहे? मी तिला दोन वेळा मासा खायला लावला, पाण्याचा पेला मोजून दिला, पायांच्या घोट्यांवर बोट दाबून खड्डा पडतो का बघितलं. पंचेचाळीस वर्षांत मी तिच्या पायांना एवढा हात लावला नव्हता. ती माझ्याकडं बघत राहिली.

"डॉक्टर तुझ्याशी काही बोललाय का, जे मला सांगितलं नाही?"

"नाही."

"मग हा लाड कसला चाललाय? मला भीती वाटते असल्यानं."

मी वर्कशॉपात निघून गेलो. एक गाडी घरी परत येते, माझीच, आणि तिच्यात उजवी सीट रिकामी आहे. दुसरं काहीच सुचत नव्हतं. मधेच वाटायचं, म्हातारपणाची नजर, वाऱ्यात मोजपट्टी हलली असेल. पण पाच मिलिमीटर वाऱ्यानं हलत नाहीत.

तीनच्या सुमाराला ब्यार्ते आली, चर्चपलीकडची मास्तरीणबाई. घरीच चाकं बदलते आणि मग गाडी ओढते म्हणून माझ्याकडं रडत येते. बघितलं तर तिनं डावी चाकं उजवीकडं घातलेली, बाण सगळे मागं. मी सुरू झालो. मी म्हणलं, बाई, कार्डावर डावं लिहिताना तू गाडीच्या समोर उभी होतीस ना, तोंडाकडं तोंड करून? गाडीचा डावा म्हणजे गाडीचा डावा, तुझा नाही. समोर उभं राहिलं की सगळं उलटं होतं. हे मी साठ वर्षं सांगतोय आणि एकाही गाढवाला…

आणि मी तिथंच थांबलो.

ब्यार्ते म्हणाली, "तोर्गेर, बरं वाटत नाहीये का?"

चाकोरी समोरून आली होती. तिचा उजवा माझा डावा. माझ्या उजव्या हाताला जी उथळ होती ती गाडीची डावी बाजू, आणि उडालेला कोपराही तिच्यातच होता. माझा डावा मागचा टायर. दोन्ही गोष्टी मी एकाच चाकोरीत डोळ्यांनी बघितल्या होत्या आणि एकमेकींना जोडल्या नव्हत्या. मी, ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना यावरून झोडपलं.

हाल्डिस तिच्या जागेवर होती. रिकामी होती ती माझी सीट.

खरं सांगतो, मला आधी बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी ब्यार्तेकडून पैसे घेतले नाहीत, आणि गावात दोन दिवस त्याचीच चर्चा होती. संध्याकाळचं जेवण झालं, ताटल्या धुतल्या, आणि तेव्हा कुठं पुढचा प्रश्न डोक्यात आला. हाल्डिसनं सव्वीस वर्षांत स्टीअरिंगला हात लावलेला नाही. मीच टोमणे मारमारून तिचं चालवणं बंद केलं.

मग गाडी घरी आणतंय कोण?

६

शुक्रवारी हाल्डिसनं नवी लोकर काढली होती, निळी. नुकतीच सुरुवात, दोन बोटांएवढी पट्टी. एल्लिंगनं राजेसाहेब म्हणलं, मी काही बोललो नाही. तो फाटकाची दोरी हातात धरून माझ्याकडं बघत राहिला.

मी ठरवलं होतं की उतरायचं नाही, दार उघडायचं नाही, खाली बघायचं नाही. नुसते युरुनचे दिवे बघायचे. दुसरा गिअर, पाय हलका, ब्रेकला शिवायचं नाही. बर्फात ब्रेक मारणं म्हणजे घोड्याला मधमाशी चावणं.

झोपडीपाशी ती थांबली नाही. पुढं गेली, तसं मला हायसं वाटलं. झोपडीच्या पुढं रस्ता तळ्याच्या कडेनं वळतो. तिथं वाऱ्यानं असा भोवरा घातला की लाल दिवे गेले. समोर नुसतं दूध. मी पाय उचलला. काठ्या मोजायला लागलो, एक उजवीकडं, एक उजवीकडं.

दुधात दोन पिवळे ठिपके लुकलुकायला लागले. मला वाटलं आमचेच, बर्फावर पडून परत दिसतायत, कारण ताल तोच होता. आमचे लागले की ते लागायचे, आमचे विझले की ते विझायचे. मग ते आमच्याहून मोठे झाले.

कुठून गेली ते मला सांगता येणार नाही. माझ्या डावीकडं बर्फाची भिंत होती, हातभर अंतरावर. तिथूनच गेली. आवाज नाही. आमचीच गाडी, पुढच्या बंपरला माझ्याच हातानं बांधलेली तार. माझ्या काचेसमोरून तिची चालवणाऱ्याची काच सरकली, सावकाश, आमच्याच वेगानं. सीट रिकामी होती. पट्टा लावलेला होता. रिकाम्या सीटवरून आडवा, ताणलेला, जसा पोटावर ताणला जातो तसा. स्टीअरिंग थोडं डावीकडं वळलं आणि परत सरळ झालं. तळ्याच्या वळणावर मी वळवतो तेवढंच.

पलीकडच्या सीटवर हाल्डिस होती. डोक्यावर निळी टोपी, वर शेंड्याला बर्फ साचल्यासारखं पांढरं. रिकाम्या सीटकडं तोंड करून ती बोलत होती. तोंड ओळखीचं. मी उंबऱ्यात बूट न झटकता घरात आलो की करते तसं.

मग नुसतं पांढरं. मग युरुनचे लाल दिवे, होते तिथंच, वीस पावलांवर.

माझ्या शेजारी सुयांचा आवाज थांबला होता. मी मान वळवली नाही. आमच्याकडच्या बायका हो म्हणताना श्वास आत ओढतात, शब्द पोटात जातो. हाल्डिसनं तसाच श्वास आत ओढला. मी काही विचारलंच नव्हतं.

७

इस्पितळाच्या पार्किंगमध्ये गाडी बंद केल्यावर ती म्हणाली, "टोपी निळी होती."

मी किल्ली काढून खिशात टाकली.

"मला अजून माहीत नव्हतं मी टोपी विणतेय. वाटलं होतं मफलर करावा." सुयांवरची पट्टी तिनं उलटी सुलटी करून बघितली. "मी कोणाशी भांडत होते?"

"माझ्याशी. दुसऱ्या कोणाशी भांडतेस तू?"

ती हसली. हसता हसता तिनं माझी बाही धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

घरी आल्यावर मी म्हणलं, लोकरीसकट चुलीत टाक. ती नाही म्हणाली. ती म्हणाली की अर्धी आहे तोवर टोपी नाही, आणि टोपी नाही तोवर ते काही नाही. जाळली तर काय होतं ते कोणी सांगावं, आणि उसवली तरी. तिला हातच लावायचा नाही. तोपर्यंत परतीच्या वाटेवर सवयीनं विणता विणता टोपी कानांच्या वरपर्यंत आली होती. उरलेला निळा गुंडा मात्र तिनं स्वतः चुलीत घातला. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, तो दोन दिवस स्वयंपाकघरात होता. आता ती टोपी पुरी होणं शक्य नव्हतं. त्या रंगाची लोकर गावात नाही, खाडीकाठी नाही. ती आमच्या मेलेल्या मेहुणीनं रंगवलेली होती. सुयांवर चढलेली अर्धी टोपी हाल्डिसनं विणकामाच्या पिशवीत तळाला ठेवली, आणि पिशवी कायम स्वतःजवळ, म्हणजे कोणाचा हात नको.

शिवाय मी ठरवलं, आमची गाडी पठारावर न्यायचीच नाही. गावात एक टॅक्सी आहे. तीन आठवडे आम्ही तिच्यातून गेलो, मी मागं बसून. ड्रायव्हरला त्याच्या टायरवरून रोज शिव्या घातल्या. त्यानं सहन केल्या. खाली मी बघितलं नाही.

परवा, बुधवारी, टॅक्सीचा गिअरबॉक्स गेला. सुटा भाग ओस्लोहून यायचा आहे, मंगळवारी. आणि आज शुक्रवार.

पहाटे उठून मी पिशवी उघडून बघितली. टोपी अर्धीच होती. सुया तशाच, वरचं तोंड उघडं. म्हणलं, मग आज काही नाही. निघायच्या आधी एकेका चाकाचे पाचही बोल्ट किल्लीनं आवळले, पाच किलोमीटरवर थांबून परत आवळले. येताना काही झालं नाही. पठार स्वच्छ होतं, ऊन पडलं होतं. हाल्डिस म्हणाली, बघ, उगाच तीन आठवडे त्या माणसाला पिडलंस.

८

वाट बघणाऱ्यांच्या खोलीत एक गुनवोर म्हणून बाई असते. तिचा नवरा हाल्डिसच्या शेजारच्या खाटेवर असतो, तेच तीन वार. सत्तरीची, लठ्ठ, मायाळू, आणि तिला हात रिकामा ठेवता येत नाही. दोन वर्षांत तिनं त्या वॉर्डातल्या प्रत्येकाला मोजे विणून दिलेत, डॉक्टरलासुद्धा. मला म्हणते, तुझं तोंड असं का असतं रे, गिळलेला खिळा टोचतोय का. एरवी मी तिच्यापासून दोन खुर्च्या लांब बसतो.

आज अकराच्या सुमाराला वारा सुटला. मी पार्किंगमध्ये गेलो, चौथ्यांदा बोल्ट बघायला. मोबाइलवर संदेश आला: पठारावर ताफा, परतीची निघायची वेळ तीन. म्हणलं, असू दे. टोपी अर्धी आहे.

दोन वाजता वर वॉर्डात गेलो. हाल्डिस खाटेच्या कडेला बसली होती, मशिनीतून निघाल्यावर असते तशी, पिळून वाळत घातल्यासारखी, डोळे अर्धे मिटलेले. नर्स तिच्या हातावर पट्टी दाबून धरत होती. आणि गुनवोर तिच्यासमोर उभी राहून, मान तिरकी करून, तिच्या डोक्यावर टोपी नीट बसवत होती.

"गाढ झोपली होती बिचारी," गुनवोर मला म्हणाली. "पिशवी कलंडली, तर आत ही. किती दिवस अर्धीच आहे गं बाई म्हणलं. निळी लोकर काही पिशवीत नव्हती. मग माझ्याकडची लावली."

निळी टोपी, कानांवरून खाली ओढलेली. वरचा शेंडा पांढरा.

मी गुनवोरकडं बघितलं. माझ्या तोंडातून काय निघेल याची मलाच भीती वाटली. साठ वर्षं मी याहून कितीतरी लहान चुकांसाठी लोकांना गाढव म्हणत आलोय. ती तिच्या हातांकडं बघत होती, खूश होऊन, पोरीसारखी.

"छान झालीय," मी म्हणलं. "आभार."

गुनवोर दचकली. नर्ससुद्धा.

९

या बाजूच्या फाटकावर माणूस नाही, नुसता लाल दिवा. ओळीत आम्ही पहिले. वारा गाडी हलवतोय. अजून दहा मिनिटं असतील.

मी म्हणलं होतं, थांबू या आज. इस्पितळाच्या वसतिगृहात खोली मिळेल. हाल्डिस म्हणाली, "आज थांबलो तर सोमवार येईल. सोमवारी थांबलो तर बुधवार. टोपी काय परत अर्धी होणार आहे का? मला माझ्या पलंगावर झोपायचंय, तोर्गेर." तू चालव म्हणायची हिंमत नव्हती. मशिनीतून निघाल्यावर तिला पेला धरवत नाही. चारचौघांत टोमणे मारून मी तिच्या हातून स्टीअरिंग काढून घेतलं होतं, ते आता कोणत्या तोंडानं परत देऊ?

गाडीत बसल्यावर तिनं टोपी काढून मांडीवर ठेवली. केस भिजलेले, कपाळ गार. हीटर लावला तरी थंडी तिच्या हाडांतून जात नाही, या दिवशी कधीच जात नाही.

"घाल ती," मी म्हणलं.

तिनं माझ्याकडं बघितलं.

"घाल. डोकं गार पडलं की रात्रभर कण्हतेस."

तिनं घातली. दोन्ही हातांनी, कानांवरून खाली.

मग मी तिला सांगितलं ते इथंही लिहून ठेवतो, म्हणजे कार्ड तिच्यासमोर राहील. काही झालं तर हँडब्रेक ओढायचा नाही, त्यानं मागची चाकं अडतात आणि गाडी फिरते. स्टीअरिंगला हात लावायचा नाही. दार उघडायचं नाही. चारी दिवे चालू ठेवायचे. वळण आलं की आपोआप वळेल, सरळ आलं की सरळ जाईल. नुसतं बसून राहायचं. गाडी घरी जाते. आपण दोघांनी बघितलंय.

तिनं श्वास आत ओढला.

"आणि मी तोंड बंद ठेवायचं का?" ती म्हणाली.

"नाही," मी म्हणलं. "तू बोलत होतीस. बोलत राहा."

युरुनचा पिवळा दिवा फिरायला लागलाय. मागच्या गाड्यांनी चारी दिवे लावले. मी खाली बघत नाहीये, तरी दिसतंय: नांगराच्या पुढं नुसता कोरा बर्फ, एक रेघ नाही. हाल्डिस म्हणते आहे, पुरे झालं ते खरडणं, सगळे तुझ्यामुळं खोळंबलेत, आणि पट्टा लाव.

लावतो.